ब्रिटनमधल्या निओनेटल नर्ससाठी एनएमसी रिव्हॅलिडेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएम करून, सीबीटी (संगणकावरची परीक्षा) आणि ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा) हे टप्पे पार करून ब्रिटनला आलेल्या आणि निओनेटल, म्हणजे नवजात बाळांच्या, युनिटवर काम करणाऱ्या परिचारिका-परिचारकांसाठी ही माहिती आहे. पिन नंबर (नोंदणी क्रमांक) मिळाला म्हणजे काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं आणि तिसऱ्या वर्षी रिव्हॅलिडेशनची, म्हणजे नोंदणी पुढे चालू ठेवण्याची, एनएमसीची मेल येते तेव्हा धावपळ सुरू होते. अटी जड नाहीत. अडतं ते दोन ठिकाणी: तारीख चुकीची धरली जाते, आणि तीन वर्षांचं काम शेवटच्या आठवड्यात आठवून लिहावं लागतं.

रिव्हॅलिडेशनसाठी एकूण काय काय लागतं?

एप्रिल 2016 पासून नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या, म्हणजे एनएमसीच्या, नोंदवहीवर राहण्यासाठी दर तीन वर्षांनी हे दाखवावं लागतं: 450 तासांचं प्रत्यक्ष काम, 35 तासांचं व्यावसायिक शिक्षण, त्यातले किमान 20 तास इतरांच्या सहभागाने झालेले, तुमच्या कामावर मिळालेले पाच अभिप्राय, स्वतः लिहिलेली पाच चिंतनटिपणं, त्या टिपणांवर एनएमसीच्या दुसऱ्या नोंदणीधारकाशी झालेली चर्चा, आरोग्य आणि चारित्र्याचं घोषणापत्र, विमा-संरक्षणाचं घोषणापत्र, आणि हे सगळं पाहून एका व्यक्तीने, म्हणजे कन्फर्मरने, दिलेली पुष्टी.

परीक्षा नाही. व्हेंटिलेटरबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. तुम्ही तीन वर्षं सराव चालू ठेवला आणि त्यातून काही शिकलात, एवढंच तपासलं जातं.

माझी शेवटची तारीख कोणती?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. समजा नोंदणी 30 एप्रिलला संपते. तुमचा अर्ज मात्र 1 एप्रिलपर्यंत जायला हवा, कारण नोंदणी ज्या महिन्यात संपते त्याची पहिली तारीख ही अर्जाची तारीख असते. ऑनलाइन अर्जाची खिडकी त्याआधी 60 दिवस उघडते. ‘एप्रिलअखेर’ डोक्यात ठेवून बसलेल्या माणसाची मुदत महिनाभर आधीच टळलेली असते.

आजच एनएमसी ऑनलाइन खात्यात जाऊन तारीख पाहा, आणि तिथला मेल पत्ता जुन्या हॉस्पिटलचा तर नाही ना, हेही पाहा. नोकरी बदलली की ट्रस्टची (हॉस्पिटल चालवणाऱ्या सरकारी संस्थेची) मेल बंद होते आणि स्मरणपत्रं कुणाच्याच हाती लागत नाहीत. खासगी मेल द्या. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर तेही खात्यात आधी दुरुस्त करून घ्या.

माझी नोंदणी ‘ॲडल्ट नर्स’ म्हणून आहे, काम मात्र नवजात बाळांचं. अडचण येईल का?

नाही. भारतातून आलेल्या बहुतेकांची नोंदणी ॲडल्ट शाखेतच असते. रिव्हॅलिडेशनला तुम्ही नर्स म्हणून काम केलंत की नाही हे महत्त्वाचं आहे. बाळ 700 ग्रॅमचं होतं की रुग्ण सत्तरीचा, याने फरक पडत नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. भारतात आपण ‘आरएनआरएम’ (नोंदणीकृत नर्स आणि मिडवाइफ) असतो, म्हणून इथेही मिडवाइफ आहोत असं काही जण धरून चालतात. एनएमसीकडे मिडवाइफ म्हणून वेगळी नोंदणी झाली नसेल तर तुम्ही फक्त नर्स आहात आणि 450 तास पुरेत. दोन्ही नोंदण्या असतील तर 900 तास लागतात, प्रत्येकीचे 450.

450 तास कसे मोजायचे?

पूर्णवेळ, आठवड्याला 37.5 तास काम करणाऱ्याचे ते बारा आठवड्यांत होतात. लाँग डे साडेबारा तासांचा आणि त्यात एक तास बिनपगारी ब्रेक असेल तर एका शिफ्टचे साडेअकरा तास धरा. मग 40 शिफ्टमध्ये 460 तास भरतात. ब्रेकचे तास मिळवू नका. पूर्णवेळ असाल तर प्रत्येक शिफ्ट वेगळी लिहायची गरज नाही. कुठे, कोणत्या पदावर, कधीपासून कधीपर्यंत आणि आठवड्याला किती तास, एवढी एक नोंद चालते.

बँक शिफ्ट (हॉस्पिटलच्या राखीव यादीतून घेतलेली शिफ्ट), एजन्सी, ट्रान्सपोर्ट टीम, ट्रान्झिशनल केअर (आईजवळ ठेवलेल्या बाळांची जादा देखभाल), घरी जाऊन बाळं पाहणारी आउटरीच टीम, फीडिंग सपोर्ट, प्रॅक्टिस एज्युकेटरचं काम, रिसर्च नर्सचं काम हे सगळं धरता येतं. इनक्युबेटरपाशी उभं असणं ही अट नाही. नर्सिंगचं ज्ञान आणि कौशल्य त्या कामाला लागत असलं की झालं. केवळ बँकेवर काम करणाऱ्यांनी मात्र रोस्टरची प्रत दर महिन्याला जपून ठेवावी. एजन्सी बदलली की जुन्या ॲपमधल्या शिफ्ट दिसेनाशा होतात आणि मग पगाराच्या चिठ्ठ्या जुळवत बसावं लागतं.

मध्येच बाळंतपणाची रजा झाली तर?

रजेचे तास मोजले जात नाहीत, पण तीन वर्षांतले 450 तास उरलेल्या काळात सहज होतात. रजेतल्या ‘कीप इन टच’ दिवसांना (जास्तीत जास्त दहा) तुम्ही प्रत्यक्ष काम किंवा प्रशिक्षण केलं असेल तर ते तास धरा. दीर्घ आजारपण किंवा लागोपाठच्या दोन रजांमुळे अटी खरोखरच पुऱ्या होत नसतील, तर अर्जाच्या तारखेच्या आधी एनएमसीशी बोला. अशा परिस्थितीसाठी त्यांच्याकडे वेगळी व्यवस्था आहे. तारीख उलटून गेल्यावर फोन केला तर तिचा उपयोग होत नाही.

35 तासांत काय चालतं आणि काय नाही?

सहभागाने झालेलं शिक्षण म्हणजे ज्यात दुसऱ्या व्यावसायिकांशी देवाणघेवाण झाली ते. प्रत्यक्ष वर्ग, युनिटवरचं सिम्युलेशन, जर्नल क्लब, पेरिनेटल मृत्यूंचा आढावा घेणारी बैठक, ज्यात तुम्ही प्रश्न विचारले असा वेबिनार. सगळे एका खोलीत हवेत असं नाही. एकट्याने स्क्रीनवर क्लिक करत संपवलेलं ई-लर्निंग आणि लेखाचं वाचन 35 मध्ये धरलं जातं, पण 20 मध्ये नाही. नेमके हेच 20 तास कमी पडतात, कारण ई-लर्निंग नाइट ड्यूटीतही उरकता येतं.

आग विझवण्याचं किंवा संगणक सुरक्षेचं सक्तीचं प्रशिक्षण यात धरायचं नाही, कारण त्याचा तुमच्या नर्सिंगशी थेट संबंध नसतो. बालसंरक्षण किंवा सेंट्रल लाइनच्या जंतुसंसर्गावरचं सत्र मात्र धरता येतं.

प्रत्येक नोंदीत तारीख, तास, पद्धत, विषय, त्याचा तुमच्या कामाशी संबंध आणि एनएमसीच्या कोडमधला, म्हणजे आचारसंहितेतला, लागू होणारा भाग लिहा. पुरावा म्हणून प्रमाणपत्र हवंच असं नाही. जर्नल क्लबचं प्रमाणपत्र कोण देणार? त्या दिवशी लिहिलेल्या चार ओळी आणि चर्चेचा विषय पुरतो, फक्त त्या दिवशीच लिहा.

एनएलएस सर्टिफिकेट रिव्हॅलिडेशनचा भाग आहे का? माझ्याकडे भारतातलं एनआरपी (नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाच्या प्रशिक्षणाचं) कार्ड आहे.

एनएमसी ते मागत नाही. तुमचा ट्रस्ट मागतो. रिससिटेशन कौन्सिल यूकेच्या न्यूबॉर्न लाइफ सपोर्ट (एनएलएस) कोर्सचं प्रमाणपत्र चार वर्षं चालतं, म्हणजे ते आणि तीन वर्षांचं रिव्हॅलिडेशन कधीच एका लयीत येत नाहीत. दोन्ही तारखा वेगळ्या लिहून ठेवा. कोर्सचे तास सहभागाच्या शिक्षणात धरता येतात, आणि एका दिवसात एवढे तास देणारी दुसरी गोष्ट सहसा मिळत नाही.

एनआरपी कार्ड इथे एनएलएसची जागा घेत नाही, आणि याला कारण आहे. एनआरपीत श्वास द्यायला लागलो की मिनिटाला 40 ते 60 या गतीने, साधारण 20 ते 25 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने देतो. रिससिटेशन कौन्सिल यूकेच्या 2021 च्या सूचनांत आधी पाच इन्फ्लेशन ब्रेथ (फुप्फुसं फुगवणारे लांब श्वास) असतात, प्रत्येक 2 ते 3 सेकंदांचा. पूर्ण दिवसांच्या बाळाला 30 सेंटिमीटर आणि 32 आठवड्यांखालच्या बाळाला 25 सेंटिमीटर दाब. मग हृदयाचे ठोके आणि छातीची हालचाल पाहायची. हालली नसेल तर डोक्याची स्थिती, मास्क, जबडा सुधारून पुन्हा पाच. छातीवरचे दाब आणि श्वास यांचं 3:1 प्रमाण दोन्हीकडे सारखंच आहे. भारतात शिकलेल्यांचा हात सवयीने थेट मिनिटाला 40 च्या लयीत जातो आणि प्रात्यक्षिक चाचणीत तिथेच अडतं. कोर्सआधी येणारी पुस्तिका नुसती चाळू नका. पुतळ्यावर मोठ्याने ‘इन्फ्लेट, दोन, तीन’ म्हणत सराव करा. कोर्स ज्या आवृत्तीचा असेल तिच्यातलेच आकडे पाठ करा.

क्यूआयएस झालं की ते पुन्हा पुन्हा करावं लागतं का?

‘क्वालिफाइड इन स्पेशालिटी’ (क्यूआयएस) हा नोंदणीनंतरचा निओनेटल अभ्यासक्रम आहे. एनएमसीच्या नोंदवहीत त्याचा उल्लेख नसतो, त्यामुळे रिव्हॅलिडेशनमध्ये तो ‘टिकवावा’ लागत नाही. युनिटला मात्र त्याचं महत्त्व फार: नोंदणीकृत नर्सपैकी किमान 70 टक्के क्यूआयएस असाव्यात हे राष्ट्रीय मानक आहे. कौशल्यांची यादी दरवर्षी तपासून घेण्याची पद्धत प्रत्येक ट्रस्टची वेगळी असते. नोकरी बदलताना मूळ प्रमाणपत्र, गुणपत्रक आणि सह्या असलेलं कौशल्य-पुस्तक घेऊन निघा. सह्या नसतील तर नवं युनिट यादी पहिल्यापासून भरायला लावू शकतं.

आमचे रुग्ण बोलत नाहीत. पाच अभिप्राय आणायचे कुठून?

आईवडिलांकडून, डॉक्टरांकडून, तुमच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्याकडून, वार्षिक अप्रेझलमधून (कामाच्या आढाव्यातून), तक्रारीतून, घटना-अहवालातून. तोंडी चालतो, लेखी चालतो, कौतुक चालतं, टीकाही चालते. ‘अलार्म वाजला की कुणीतरी बटण दाबून निघून जातं, आम्हाला काय झालं ते सांगत नाही’ असं एखाद्या बाबांनी म्हटलं असेल तर तो आभाराच्या दहा कार्डांपेक्षा उपयोगी अभिप्राय आहे, कारण त्यावरून काहीतरी बदलता येतं.

आभाराचं कार्ड जसंच्या तसं फाइलला लावू नका. त्यावर बाळाचं नाव असतं, बऱ्याचदा फोटोही. मजकुराचा सारांश नाव न घेता लिहा आणि कार्ड घरी ठेवा.

चिंतनटिपणं किती मोठी हवीत? त्यात काय लिहायचं?

साधारण एक पान पुरेसं. फॉर्म एनएमसीचाच वापरावा लागतो आणि त्यात चार प्रश्न असतात: काय घडलं किंवा काय शिकवलं गेलं, त्यातून तुम्ही काय शिकलात, तुम्ही काय बदललं, आणि त्याचा कोडशी काय संबंध. कोडचे चार विभाग आहेत: माणसांना प्राधान्य, परिणामकारक सेवा, सुरक्षितता जपणं, व्यावसायिकता आणि विश्वास. पाचही टिपणं एकाच विभागावर लिहू नका. चर्चेत ते लगेच जाणवतं.

आपल्याकडची अडचण अशी की केस स्टडी लिहायची सवय हाडीमाशी भिनलेली असते. मग पहिला प्रश्न पाऊण पान खातो: जन्म, अपगार, सर्फॅक्टंट, एक्स-रे, गॅस. आणि ‘काय बदललं’ याखाली ‘मी अधिक काळजी घेईन’ एवढंच उरतं. हे उलटं करा.

एक नमुना घ्या. सीपॅपवरच्या (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावरच्या) बाळाच्या नाकाच्या पाळीवर शिफ्टच्या मध्यात लाली दिसली. टोपी सैल होती, त्यामुळे प्राँग्ज (नाकातल्या नळ्या) ओढल्या जात होत्या. शिकलो ते हे की लाली दिसणं ही सुरुवात नसते. त्याआधी कित्येक तास दाब पडत असतो. बदल असा: शिफ्टच्या सुरुवातीला टोपीचं माप पाहायचं, युनिटच्या धोरणानुसार मास्क आणि प्राँग्ज आलटून पालटून लावायचे, नळ्या सोडवून प्रत्येक केअरला नाक पाहायचं आणि ‘ठीक’ न लिहिता त्वचा कशी दिसते ते नोंदवायचं, हँडओव्हरला ते तोंडी सांगायचं. कोड: सुरक्षितता जपणं. आठ-दहा ओळींत काम झालं.

विषय मोठेच हवेत असं नाही. औषधाची मात्रा दुसरीने स्वतंत्रपणे मोजली नाही, नुसतं ‘बरोबर आहे’ म्हटलं; दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट मात्रा जाते, म्हणून आता दोघी वेगवेगळ्या कागदावर मोजतो. किंवा आईचं काढलेलं दूध देताना लेबल घाईत वाचलं गेलं. अशा साध्या शिफ्टमधून चांगली टिपणं निघतात.

ओळख लपवायची म्हणजे फक्त नाव काढायचं का?

तेवढ्याने भागत नाही. ‘मार्चमध्ये 24 आठवड्यांची तिळी आली, त्यातलं दुसरं बाळ’ हे वाचून त्या युनिटमधला कुणीही बाळ ओळखेल, गावातलाही. तारीख, खाट क्रमांक, दुर्मीळ निदान, आईवडिलांचा देश, नेमकं वजन हे सगळं गाळा. ‘खूप लवकर जन्मलेलं बाळ’ एवढं पुरतं. सहकाऱ्याचंही नाव नको. ‘एक डॉक्टर’, ‘शिफ्ट लीडर’. बॅजरनेटचा (बाळांच्या नोंदींच्या संगणक प्रणालीचा) स्क्रीनशॉट किंवा चार्टचा फोटो फाइलमध्ये कधीच नको. तो रिव्हॅलिडेशनचा नव्हे, थेट शिस्तभंगाचा विषय होतो.

चर्चा कुणाशी करायची आणि कन्फर्मर कोण?

चर्चेचा जोडीदार एनएमसीचा नोंदणीधारक हवाच. तुमचे कन्सल्टंट कितीही चांगले असले तरी डॉक्टर इथे चालत नाहीत. तो निओनेटलचाच असावा, तुमच्याहून वरच्या बँडचा (पगारश्रेणीचा) असावा, अशी अट नाही.

कन्फर्मर शक्यतो तुमचा लाइन मॅनेजर. तो नर्स नसला तरी चालतो. लाइन मॅनेजर नसेल तर दुसरा नोंदणीधारक, आणि तोही न मिळाल्यास डॉक्टरसारखा दुसरा नोंदणीकृत आरोग्य व्यावसायिक. मॅनेजर स्वतः नर्स असेल तर चर्चा आणि पुष्टी एकाच बैठकीत उरकते. ही पुष्टी तीन वर्षांच्या शेवटच्या बारा महिन्यांत झालेली असावी. अप्रेझलला जोडून घेतली तर वेगळा वेळ मागावा लागत नाही.

नवरा-बायको दोघंही नर्स असलेली घरं इथे पुष्कळ. एकमेकांचे फॉर्म भरू नका. जवळचं वैयक्तिक नातं असलेली व्यक्ती या कामाला चालत नाही.

मॅनेजर सही करायला कचरत असतील तर त्यांना सांगा: तुम्ही प्रॅक्टिसला योग्य आहात की नाही हा निकाल कन्फर्मरने द्यायचा नसतो. अटी पुऱ्या झाल्या की नाही, एवढंच पाहायचं असतं.

घोषणापत्रात काय सांगावं लागतं?

गुन्ह्याचा आरोप, शिक्षा, पोलिसांनी दिलेली औपचारिक ताकीद, दुसऱ्या नियामकाने केलेली कारवाई. पार्किंगचा दंड नाही. आरोग्याचा अर्थ मधुमेह किंवा दमा नसणं असा नाही. आवश्यक त्या जुळवाजुळवीसह सुरक्षितपणे काम करता येतं का, हा प्रश्न आहे.

विम्याबाबत: एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) नोकरीतल्या कामाला मालकाचं संरक्षण असतं. सुटीच्या दिवशी खासगी स्तनपान सल्ला देत असाल तर त्या कामाचं संरक्षण तुमचं तुम्हाला घ्यावं लागतं.

अर्ज करताना कागद अपलोड करायचे का?

नाही. ऑनलाइन अर्जात अटी पुऱ्या केल्याचं जाहीर करायचं आणि चर्चेचा जोडीदार व कन्फर्मर यांचे तपशील भरायचे: नाव, मेल, पिन किंवा नोंदणी क्रमांक. पिनमधलं एक अक्षर चुकलं तरी अर्ज अडतो, म्हणून तो त्यांच्याकडून लिहून घ्या.

काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात. म्हणजे तुमच्यावर संशय आहे असं नाही. निवड झाली तर मेल येते, तुमच्या कन्फर्मरलाही जाते, आणि दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं. दोघांनीही स्पॅम फोल्डर पाहावा.

तारीख चुकली तर?

नोंदणी संपते आणि त्या दिवसापासून नर्स म्हणून काम करता येत नाही, एक शिफ्टसुद्धा नाही. पुन्हा प्रवेशाचा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत बिनपगारी किंवा खालच्या पदावर दिवस काढावे लागतात. व्हिसा नोकरीशी बांधलेला असेल तर त्याच दिवशी एचआरला कळवा. थकलेल्या फीमुळेही नोंदणी जाते: फी दरवर्षीची आहे, रिव्हॅलिडेशन तीन वर्षांनी. बँक खातं बदलल्यावर डायरेक्ट डेबिट नव्या खात्यावर घ्यायचं राहून जातं, हे नेहमीचं कारण.

फीवर कर परत मिळतो का?

फी तुम्ही स्वतः भरली असेल तर हो. एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या करखात्याकडे) व्यावसायिक वर्गणी म्हणून दावा करता येतो आणि मागच्या चार करवर्षांपर्यंत जाता येतं. फी 120 पौंड धरली आणि तुम्ही 20 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वर्षाला 24 पौंड. एजंटला टक्केवारी देण्याची गरज नाही.

पुण्या-मुंबईला परतून तिथल्या एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) काम करत असेन तर एनएमसीची नोंदणी ठेवता येईल का?

येईल. परदेशातले तासही धरले जातात, मात्र त्या देशातल्या नियामकाकडे तुमची नोंदणी चालू हवी. म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नूतनीकरण, जे दर पाच वर्षांनी असतं, ते ब्रिटनमध्ये असतानाच सुटलेलं असेल तर आधी ते मार्गी लावा. कन्फर्मर म्हणून तिथल्या लाइन मॅनेजर चालतील. चर्चेचा जोडीदार मात्र एनएमसीचाच नोंदणीधारक लागतो. जुन्या युनिटमधली मैत्रीण व्हिडिओ कॉलवर हे करू शकते. कॉलआधी पाचही टिपणं तिला पाठवा, आणि कॉल झाला की त्याच दिवशी फॉर्मवर तिची सही व पिन घेऊन ठेवा.